एका अक्षराने हरवलेला माणूस

आदरणीय अध्यक्ष राजाभाऊ, व्यासपीठावरील पाहुणे, आमच्या लाडक्या झुबेदाआपा आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

आज आपा इथली, आखातातली अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपवून दाभोळला परत निघाल्यात. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बारा वर्षं बसले, म्हणून हा मान मला मिळाला.

गोष्ट २००९ची. मंदीत शिपिंग कंपन्या बंद पडत होत्या. आमच्याही ऑफिसात रोज कुणाचं तरी टेबल रिकामं होई. अशात नादिया नावाची युक्रेनी बाई आली. नवरा खलाशी; त्याची कंपनी बुडाली होती आणि जहाज इथल्या खोर फक्कान बंदरात अडकलं होतं. नवरा आजारी पडला, एवढंच तिला कळलं होतं. नाव ह्रिहोरी होंचार. तीन दिवस आम्ही हॉस्पिटलांना फोन केले. "असा पेशंट नाही." बाई आमच्या सोफ्यावर रडत बसलेली.

आमचे साहेब, म्हणजे राजाभाऊ, म्हणाले, "आपलं जहाज नाही. सोडा आता." खोटं सांगतेय का, साहेब?

आपांनी नवऱ्याच्या पासपोर्टची झेरॉक्स पुन्हा समोर घेतली. तिच्या लिपीतल्या, उलट्या एलसारख्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाल्या, "छाया, युक्रेनी माणूस याला 'ह' म्हणतो. रशियन 'ग' म्हणतो, बल्गेरियनही. जहाजावर रशियन आहेत ना?"

"पण अक्षर तर एकच!"

"मग? आपण 'जग' लिहितो. दुनिया म्हणून वाच, मग जिवंत राहा म्हणून वाच. 'ज' बदलतो की नाही? यल्ला, चल, गोंचार विचार!"

मी त्याच हॉस्पिटलांना पुन्हा फोन करून विचारलं. एका ठिकाणी पलीकडून नर्स म्हणाली, "ग्रिगोरी गोंचार? आहे की! ऑपरेशन झालंय. दोन आठवड्यांत कुणी फिरकलं नाही." रशियन सोबत्याने भरती करताना नाव सांगितलं होतं.

आपांनी पर्स उचलली. "नोकरी गेली तर गेली. खलास!" त्यांच्या गाडीतून आम्ही तिघी निघालो.

वॉर्डात नर्सने हाक मारली, "मिस्टर गोंचार!" भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस हललाही नाही. मग दारातूनच नादिया म्हणाली, "ह्रिहोरी?"

तो असा वळला की सलाइनचा स्टँड आडवा झाला! नर्स ओरडतेय, ती दोघं रडतायत, आणि आपा स्टँड धरून हसतायत.

दुसऱ्या दिवशी राजाभाऊंनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, झालं आता. साहेबांनी विचारलं, "सापडला का?" आपा "हो" म्हणाल्या, तर साहेबांनी सगळ्या ऑफिसला बिर्याणी मागवली. पुढल्या महिन्यात होंचार आपल्या पायांनी विमानात चढला.

आपा, त्या दिवशी मी घरी जाऊन मुलांना सांगितलं, मी अशा बाईच्या शेजारी बसते. आजही तेवढाच अभिमान वाटतो.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आणि राजाभाऊ, तुम्ही तर नक्कीच. धन्यवाद!