भिडेपोटी गेलेलं बेअरिंग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय जीवरामभाऊ, मोटार मालक मंडळाचे पदाधिकारी, व्यासपीठावर बसलेले आणि बसायला जागा न मिळालेले मान्यवर, सत्कारमूर्ती हिलालनाना मिस्तरी, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी ताईबाई आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

माझे सासरे कै. अमृतलालजी यांनी एक्कावन्न साली आठ सिलिंडरची परदेशी मोटार घेतली. ती ताशी शंभर मैल जाते असं तिच्या पुस्तकात लिहिलं आहे. तिचं इंजिन पहिल्या दिवसापासून नानांच्या हाती. हजार मैल झाले की तेल बदलायचं, जुनं तेल दोन बोटांत चोळून पाहायचं, मग लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटायचे. थंड इंजिनावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला म्हणून नानांनी माझ्या सासऱ्यांना त्यांच्याच मोटारीतून खाली उतरवलं होतं. सासरे उतरले. मी तेव्हा नवा जावई होतो, मीही उतरलो. एकवीस वर्षं ते इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही. याचं श्रेय कोणाला द्यावं, हे आपल्याला सांगायला हवं का?

आता मुद्द्यावर येतो, कारण अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

सासऱ्यांच्या मागे मोटार माझ्याकडे आली. गेल्या पौषात आम्हाला दोंडाईच्याला जायचं होतं. नानांनी दांडकं लावलं आणि म्हणाले, "बठ्ठं ठीक शे." म्हणजे सगळं ठीक आहे. मला मात्र नुसतं मोटारीत बसून खालून ठोका ऐकू येत होता. त्या आठवड्यात माझी हाक नानांनी दोनदा ऐकली नव्हती, तेव्हा काय झालंय ते मला कळलं होतं. पण चाळीस वर्षं अनुभव असलेल्या मिस्तरीला 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मला भीड पडली. त्या भिडेनं मी दोंडाईच्याला गेलो आणि परतही निघालो. चिमठाण्याजवळ बेअरिंग गेलं. पुढे मोटार बैलजोडीनं ओढून आणली.

नानांनी इंजिन उघडलं. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, चर पडले होते. त्यांनी मला बोलावलं.

"तुमले ऐकू उनं व्हतं ना?"

"हो."

"मंग सांगं काबर नही?"

भीड पडली, हे सांगायचीही मला भीड पडली. त्याची मला आजही लाज वाटते.

क्रँक मुंबईहून घासून आणून, नवी बेअरिंगं घालून नानांनी दीड महिन्यात इंजिन पुन्हा उभं केलं. ते पहिल्या फटक्यात सुरू झालं. नानांनी हात पुसले आणि म्हणाले, "आते दुसरा मिस्तरी देखा." म्हणून हा निरोपाचा समारंभ आहे. पत्रिकेत 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं छापलं आहे. तेही भिडेपोटीच.

तेव्हा सर्वांच्या देखत, नानांकडे तोंड करून बोलतो. नाना, तुम्हाला कमी ऐकू येतं. माझे कान चांगले आहेत, पण हातांना काही कळत नाही. दांडकं मी धरतो, जे ऐकू येईल ते सगळं सांगतो, पुढचं तुम्ही करा. मला दुसरा मिस्तरी नको आहे.

ताईबाई त्यांच्या कानात सांगताहेत. कृपया एक मिनिट थांबू या.

नाना म्हणतात, "सकाय मी येस तवलोंग गाडी चालू करू नका." सकाय म्हणजे उद्या आणि तवलोंग म्हणजे तोवर, हे व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी सांगतो.

अध्यक्षमहोदय, समारंभाचं कारण आता उरलेलं नाही. मंडळानं शाल आणि नारळ परत मागू नयेत ही नम्र विनंती. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा करावी, आणि मला तसं तोंडावर येऊन सांगावं.