सासऱ्यांच्या गाडीचा पोचा

अरे, गाडीचा पोचा फुकटात निघतो, हे मला सासऱ्यांच्या गाडीमुळे कळलं. गेल्या वर्षी एका लग्नाला जायचं म्हणून आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून त्यांची जुनी गाडी मागून घेतली. सडक अर्जुनीला मंडपाजवळ लावताना ती चिंचेच्या खोडाला हळूच टेकली. उतरून पाहतो तर पुढच्या बंपरला वाटीएवढा पोचा!

माझा जीवच गेला. मामाजी, म्हणजे सासरे, त्या गाडीला जावयापेक्षा जास्त जपतात. तसाच हायवेवरच्या डेंटरकडे गेलो. तो म्हणाला, "साब, प्लास्टिक है. खर्च कायले करता? उकळतं पाणी टाका आन् आतून ढकला."

लग्नाच्या आचाऱ्याकडून उकळतं पाणी मागितलं, बंपरवर ओतलं आणि हाताला फडकं गुंडाळून आतून रेटा दिला. टप्पकन पोचा बाहेर!

दुसऱ्या दिवशी गाडी परत केली. मामाजी वाकून म्हणाले, "इथला पोचा कुठं गेला?"

मी घाबरून सगळं कबूल केलं. ते हसायलाच लागले. "तुमचा नाही जवाईबापू, तो माझा जुना पोचा आहे. मामीले सांगू नका. तिले मी गाय धडकली म्हणून सांगितलं."

मामी, म्हणजे सासूबाई, दारातच उभ्या होत्या. "मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "जवाईबापू, आता मागच्या बंपरचा बी काढून द्या. तो माझा आहे."

मामाजींचं हसू थांबलं. "तू कवापासून गाडी चालवून राहिली?"

"तुमी दुपारी झोपता तवापासून."