मागावरची खूण

आत्या : सही करू नकोस, दादा. आधी माझं ऐक.

बाबा : बाईंनी चिठ्ठीत काय खोटं लिहिलंय? पोरगी वर्गात पेंगते, हाक मारली तर वळून बघत नाही, तिला पुन्हा दुसरीतच बसवा. बसू दे. काल मीही दोनदा हाक मारली, ढिम्म हलली नाही. म्हणून दिली एक ठेवून.

आत्या : ते कळलं मला. तिनं सांगितलं नाही, गालावर दिसत होतं.

बाबा : लाडानं डोक्यावर बसलीय, दुसरं काही नाही.

आत्या : तीन दिवस झाले, मी तिच्याशेजारी झोपतेय. घोरते ती.

बाबा : माझी लेक आहे. घोरणारच.

आत्या : वहिनीला कधी ऐकू आलं नाही?

बाबा : तिला काय ऐकू येणार? आम्ही दोघंही वीस वर्षं यंत्रमागावर. कान कधीच गेले. एकमेकांचं घोरणं ऐकू येत नाही, म्हणून तर संसार टिकला आमचा.

आत्या : चेष्टा नको करूस. घोरता घोरता ती मधेच गप्प होते. छाती हलते, पण श्वास येत नाही. मी आकडे म्हणत बसले होते, दहाच्या पुढे गेले. मग दचकून हवा ओढते, कूस बदलते, की परत तेच. मान मागे टाकलेली, तोंड उघडं.

बाबा : स्वप्न पडलं असेल.

आत्या : तिन्ही रात्री?

बाबा : दवाखान्यात केसपेपर लिहितेस तू. डॉक्टर कधी झालीस?

आत्या : नाही झाले. पण बारा वर्षं त्या खिडकीतून पोरं बघतेय. तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं, आवाज नाकात कोंडलेला. आया सांगतात, सर्दी हटत नाही, घसा धरून सारखा ताप येतो, चार घास खायला तास लागतो. मी लिहून घेते. काल जेवताना तेच सगळं माझ्यासमोर बसलं होतं.

बाबा : जेवायचे नखरेच आहेत तिचे.

आत्या : नाकानं श्वास येत नसेल तर घास चावायचा कधी आणि हवा घ्यायची कधी? चिऊ, ये गं इकडे. आ कर. दादा, मोबाईलची बॅटरी लाव आणि बघ. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना.

बाबा : एवढाल्या?

आत्या : टॉन्सिल. एकमेकींना टेकायच्या बाकी आहेत. आणि नाकाच्या मागे अशीच आणखी एक गाठ असते, ॲडेनॉइड म्हणतात. ती अशी दिसत नाही. ती वाढली की नाक बंद होतं, कधी कधी कानातही पाणी साठतं.

बाबा : कानाचं काही बोलू नकोस. माझी अख्खी बोली येते तिला. मागांच्या धडधडीत आम्ही ओठ आणि हात बघून बोलतो. नवा कामगार शिकायला वर्ष घेतो, हिनं दोन महिन्यांत उचललं. कारखान्यात मागांच्या खात्यात नेली होती, तर मुकादम पार पलीकडून नुसते ओठ हलवत होता आणि हिनं शब्दन् शब्द मला सांगितला. सगळे बघत राहिले.

आत्या : हे कधीपासून?

बाबा : गेल्या थंडीपासून. ती मोठी सर्दी झाली ना, त्यानंतर.

आत्या : दादा, तिच्या वर्गात माग नाहीत.

बाबा : म्हणजे?

आत्या : बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या, की तिनं काय बघायचं? चिऊ, जा, खिडकीशी उभी राहा. बाहेर बघ. आता हाक मार तिला. ओरडू नकोस. मी बोलतेय तेवढ्याच आवाजात.

बाबा : चिऊ.

आत्या : परत.

बाबा : चिऊ, बाळा. आपण आईस्क्रीम आणायला जायचं का?

(चिऊ खिडकीच्या गजावर बोट फिरवत राहते.)

बाबा : मी हिला मारलं गं.

आत्या : ते आता उगाळू नकोस. यावर उपाय आहेत. औषधानं भागेल की ऑपरेशन लागेल, ते डॉक्टर तपासून सांगतील. आज चारचा नंबर लावलाय मी. तुझी ड्युटी तीनला, म्हणून मीच नेणार होते.

बाबा : मी येतो. मुकादमाला तूच फोन कर, मला फोनवर नीट ऐकू येत नाही. आणि या चिठ्ठीच्या मागे लिही बाईंना. वर्षाचं नंतर बघू. तिला पुढच्या बाकावर बसवा, तिच्याकडे तोंड करून बोला. त्याच्याखाली करतो मी सही.

आत्या : लिहिते. पण आधी तिच्याशी बोल. समोर जा तिच्या.

चिऊ : बाबा, काय झालं? आत्या, बघ ना, बाबा छातीवर मूठ ठेवतायत. कापडात दोष निघाला आणि चूक आपली असली, की मागावर ही खूण करतात.

आत्या : बरोबर आहे, बाळा.

चिऊ : पण इथे कापड कुठंय?