हुंगलेली फुलं

स्वीट पी बियांपासून वाढवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, तेव्हा मिठबावात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. थंड हवेतलं हे सुवासिक फूल समुद्रकाठी यायचं कसं? खरंच, पहिली रोपं खाऱ्या वाऱ्याने करपली. दुसऱ्यांदा बी पेरलं, तेव्हा शेजारच्या शालूकाकीने न सांगता माडाच्या झापांचा आडोसा उभा केला. मी शाळेत शिकवायला गेले की पाणीही तीच घालायची. वर विचारायची, "गो, ह्या वाटाण्याची उसळ कधी करतलंस?"

जानेवारीत वेल फुलले. पहिली जुडी कापून मी थेट तिच्याकडे गेले.

"काकी, ही तुझ्यासाठी."

"देवाक बरी झाली," म्हणत ती देव्हाऱ्याकडे वळली. तिच्या परसातली अबोलीसुद्धा सगळी देवालाच जाते, केसांत कधी एक फूल नाही.

मी सहज म्हटलं, "वास किती गोड आहे ना!"

ती थबकली. "तू वास घेतलंस?"

"हो, वाटभर."

"काय गो ह्या! हुंगलेला फूल देवाक चालणा नाय."

मी खजील झाले. तिने एकदा देवाकडे पाहिलं, एकदा फुलांकडे. "मगे टाकूची कशाक?" म्हणाली आणि जुडी अंबाड्यात खोवली. त्या दिवशी दुकानात ती उगाचच दोनदा जाऊन आली.

आता दर वर्षी पहिली जुडी नेताना मी तिच्या उंबऱ्यात उभी राहते आणि तिला दिसेल असा लांब श्वास घेते.

"परत हुंगलंस?" काकी डाफरते आणि पाठ फिरवून अंबाडा माझ्यापुढे करते.