दगडूकाकांच्या घराला पाटी लागली, त्याची गोष्ट

आमच्या काकूला मी एकदा खोटं बोलायला शिकवायला गेल्तो, ते ऐका.

दगडूकाका म्हंजी आमच्या घनसावंगीचे सनईवाले. त्यांच्या सनईबिगर आमच्याकडं लग्न लागत नव्हतं. काका गेले आन् घर रस्त्याच्या रुंदीकरणात जायला आलं. मंग आम्ही शेजाऱ्यांनी मागणी लावून धरली, कलावंताचं घर हाय, वारसा म्हणून दर्जा द्या. दर्जा मिळाला, की पाडता येत न्हाई.

पाहणीला साहेब येणार, म्हणून मी काकूला पढवलं, "काका ह्याच घरात रियाज करायचे, असं सांग."

साहेबांनी बराबर तेच इचारलं.

काकू म्हणाली, "न्हाई. रियाज मळ्यात. घरात मी सनई वाजवू देत नव्हते."

मी मागून खोकलो. तर माझ्यावरच उखडली. "खोकू नको! त्यांच्या माघारी त्यांच्या नावानं खोटं बोलू व्हय?"

साहेबांनी पेन खिशात ठेवला. म्हटलं, गेलं घर.

"मग आजी, या घरात ते करायचे तरी काय?"

"गप बसायचे," काकू म्हणाली. "जाईल तिथं लोक म्हणायचे, काका, जरा वाजवा. वाजवा न म्हणणारं हे एकच घर व्हतं त्यांना."

साहेब जरा वेळ ओट्यावर बसले. मंग त्यांनी खिशातला पेन परत काढला.

आता दारावर पाटी हाय. लोक घर बघायला येतात. काकू पाणी देती आन् म्हणती, "बसा. पण गप बसा."