धोंड्याच्या जावयानं केलेलं अपडेट

हॅलो?… हां ताई, बोल. काल नीट पोचलात ना परंड्याला?… बरं झालं.

आवाजाला काय झालंय माझ्या? बराय की… रागात? मी? छे गं. धोंड्याचा जावई जेवून गेलाय घरातनं, आनंदीआनंद आहे नुसता नळदुर्गात.

आईला नको विचारू. आई म्हणंल सगळं छान. अगं ऐक ना… ऐक… अण्णा कालपासनं बोलायले नाहीत. जेवतेत, गोळ्या घेतेत, परत भिंतीकडं तोंड करून पडतेत.

कशानं काय? दाजींनी गेम अपडेट केली, त्यानं.

हसू नको. ताई, हसू नको, मी फोन ठेवीन हां.

हो, तीच. ट्रकची. कॉम्प्युटरला स्टेअरिंग लावून खेळतेत ती… म्हातारपणी कसला खेळ? असं दाजी म्हणायलेत का तू? तुला माहितीये ना, लकवा मारल्यापासनं डावा हात मांडीवर नुसता पडून होता त्यांचा. तो व्यायामवाला पोरगा येऊन येऊन दमला. "चेंडू दाबा आजोबा, चेंडू दाबा." जल्मभर ट्रक चालवलेला माणूस चेंडू दाबंल व्हय? स्टेअरिंग हातात दिलं तवा कुठं बोटं वळायला लागली. परवा तर चहाचा कप उचलला त्या हातानं. आई रडली.

मग दुसरी गाडी चालवू दे?… वा! काय पण डोकं. कंपनीच्या गाड्या बघितल्यात का तू? परदेशी, चकचकीत, फ्रीजला चाकं लावल्यासारख्या. अण्णा एकदाच बसले. म्हणले, "ह्येच्यात माणूस बसतो का भाजी ठिवत्यात?" आन् उठले.

म्हणून तर आम्ही त्यांची गाडी बनवली. मी आन् मुजम्मिल… मुजम्मिल गं, स्टँडमागं ट्रकवर नावं रंगवतेत त्या फारुखचाचांचा… हां, तोच. जुन्या फोटोवरनं बनवली. विकली ती गाडी, अगदी तशीच. पिवळी केबिन, मागच्या फाळक्यावर फारुखचाचांनी काढलेला मोर, एका दारावर तुझं नाव, एका दारावर माझं. डावीकडं पत्रा चेपला होता ना, तो पण चेपला. अण्णाच म्हणले, "चेपलेलं ऱ्हाऊ द्या, हैदराबादची खूण हाय ती."

असं आपण बनवून गेममध्ये वरनं घालायचं, त्याला मॉड म्हणतेत. आपलं असतं ते, कंपनीचं नाही. आन् अपडेट केलं की कंपनी नेमकं आपलं तेवढं उचलून फेकती. विचारत नाही, सांगत नाही. आपण घरात कपाट आणून ठेवायचं, आन् घर झाडायला आलेल्या माणसानं कपाटच बाहेर टाकायचं, तसलं आहे हे.

कॉपी आहे की. मी काय येडी आहे व्हय? घातली परत. नव्याला ती चालत नाही. घातली की गेमच बंद पडतीय… जुनी गेम देत नाहीत परत… विचारलं ना, कंपनीला मेल केला. उत्तर काय आलं माहितीये? "तुमचा अनुभव अधिक आनंददायी करण्यासाठी." कुणाचा अनुभव? एसीत बसून ह्यांना आमचा आनंद कळायलाय! आन् त्या अपडेटमध्ये नवीन काय दिलं, विचार… विचार तर… काचेला लटकवायला अस्वल. कापसाचं. गाडी नेली आन् अस्वल दिलं, भिकारड्यांनी.

दाजींना काय माहीत? हे बघ, ते वाक्य तू बोलू नको. माहीत नव्हतं तर हात कशाला लावायचा? मी त्या कॉम्प्युटरला नेटच जोडत नव्हते ह्या भीतीनं. तुझ्या नवऱ्यानं काय केलं? धोंडे खाल्ले, अनारसे खाल्ले, आईनं ओवाळलं, चांदीचं निरांजन पदरात पडलं. झोपावं की मग माणसानं निवांत! तर नाही. "कॉम्प्युटर हाय व्हय? बघू, बघू." स्वतःच्या मोबाईलचं नेट जोडलं. मोठ्या स्क्रीनवर मॅच बघायची म्हणे. तिथं गेमनं विचारलं, अपडेट करू का? ह्यांनी दाबलं, होय. वाचायचं नाही, विचारायचं नाही. तुझ्याशी लग्नाला सुद्धा इतक्या लवकर होय म्हणले नव्हते ते.

मी का थांबवलं नाही?… ताई, मी दारातच उभी होते. पाण्याचा तांब्या घेऊन. अपडेटची पट्टी अर्धी भरली होती, डोळ्यादेखत. तोंड उघडलं, तर आईनं मागनं असा चिमटा काढला, अजून निळंय. "धोंड्याचा जावई हाय, आज त्येला कशालाच न्हाय म्हणायचं नसतं." बघत बसले मग. वाण दिलं, कपडे दिले, वर अण्णांची गाडी दिली.

हो, हो… माहितीये तुला वाईट वाटायलंय… अगं मधी बोलू नको, खरं सांगायचं ते तर राहूनच गेलं.

अण्णा तवा बाहेर बाजेवर झोपले होते. तुम्ही गेल्यावर नेहमीसारखे येऊन बसले. गाडी नाही. सगळीकडं शोधली. मग स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत बसले, बराच वेळ. म्हणले, "ह्या मेल्या हातानंच कायतरी दाबलं गेलं असंल. ह्येचा काय भरवसा." आन् तो हात टॉवेलखाली झाकून ठेवलाय, ताई. कालपासनं. कुणाला दिसू नये म्हणून.

…

हं. हात तुमचा नव्हता असं सांग म्हणतीस अण्णांना?

मी कशी सांगू? आईनं शपथ घातलीय. जावयाचं नाव घ्यायचं नाही, ते पण ह्या महिन्यात. मुजम्मिल म्हणतोय नव्यानं बनवू, महिना जाईल, पण बनवू. पण बनवून कुणाला द्यायची? अण्णा हातच लावत नाहीत कशाला. म्हणून म्हणते, दाजींनीच सांगावं. "मी दाबलं." एवढंच. दोन शब्द आहेत.

मान? कसला मान?… सासऱ्यापुढं कसं सांगायचं? तोंडानं सांगायचं! अनारसे त्याच तोंडानं खाल्ले ना?… मान जातोय म्हणे. इथं अण्णांचा हात जायलाय, ताई.

कंपनीची चूक? मान्य. शंभर टक्के नालायक कंपनी. पण कंपनी काही धोंडे खायला आली नव्हती आपल्याकडं.

रडू नको… अगं रडू नको ना… तुला नाही बोलायले मी… बरं, तुला पण बोलायले थोडं. कुठंयत ते?… तिथंच? मग कधीपासनं ऐकायलेत?… बरंच झालं. घ्या म्हणावं फोन… दे गं.

दाजी, नमस्कार… हो, ऐकलं ना सगळं? मग परत सांगत नाही… नाही, मला सॉरी नको, मी काय करू त्याचं?… स्टेअरिंग नवीन? नको. वस्तू नको काही. अण्णांना देते फोन… आत्ताच. नंतर तुम्ही करणार नाही… थांबा.

अण्णा… अण्णा, इकडं बघा. फोन हाय. परंड्याचा… उठू नका, मी धरते कानाला. बोला.

"हं… बोला, जावईबापू… हं… कुणी?… तुमी?… कधी, म्या झोपल्यावर?… म्हंजी माझ्या हातानं न्हाय?… न्हाय ना?… नक्की?… बरं. बरं, असू द्या. हुतं असं. तुमी मनाला लावून घिऊ नका. जेवलात का?"

हॅलो… हां दाजी. झालं. बघा, मेलात का सांगून? ताईला द्या.

ताई… थांब, अण्णा उठायलेत… टॉवेल काढला. भिंत धरून चाललेत, कॉम्प्युटरकडं… हळू बोल गं… अण्णा, आपली गाडी नाही हां त्यात, कंपनीचीय!… "ठाव हाय" म्हणले. बसले.

काय म्हणायलेत? शिव्या द्यायलेत… अगं खरंच. "ह्या येड्यांनी ष्टेअरिंग डाव्या अंगाला बशिवलंय. कुणी बनिवली ही? कधी रस्ता बघितलाय का रांडच्यांनी?"… आई आत देवाचं नाव घ्यायलीय.

नाही, उठत नाहीत… निघाली गाडी… दोन्ही हातानं, ताई. दोन्ही हातानं धरलंय आन् शिव्या घालायलेत. ठेव आता. ठेव, मला बघू दे.