फुकटची रांगोळी

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या ओळीत माझ्यापुढं दोघी शेजारणी बसल्या होत्या. त्यांची वस्ती सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यामागं.

"अक्का, डॉक्टर काय म्हन्ला?"

"कारखान्यातली धूळ छातीत बसती म्हने. इचारलं, तिथं किती वर्सं काम केलं? म्हन्लं, मी कधी पाय ठेवला न्हाई."

"पाय कशाला ठेवता? धूळच घरी आनायच्या! रांगोळी कधी इकत घेतली का? कुंपनाजवळची पांढरी भुकटी रोज पदरात."

"बारीक होती बाई, बिलकुल चाळायला लागत न्हवती. गल्लीत माझ्यासारखं कमळ कोनाचं उठत होतं, सगुणा?"

"कोनाचंच न्हाई. कडा तर अशा फुंकून काढायच्या, जशी काय चूल पेटवून राह्यल्या!"

"हास, हास. दिवाळीला ती भुकटी न्यायला डबा घिऊन कोन आल्तं?"

"एकदाच."

"एकदा? तुझ्या दोन्ही पोरींच्या लग्नात मांडवभर तीच होती."

"डॉक्टरला सांगितलं का मंग?"

"रांगोळीचं त्यानं कुठं इचारलं?"

आतून हाक आली, "चतुराबाई!"

"बस हितंच. आलेच मी."

"या तुम्ही. अन् रांगोळीचं बराबर सांगा. मी तवर माझीबी चिठ्ठी काढून येते."